वाड्यांतून येणाऱ्या वस्तू संग्रहालयात कशा दाखल कराव्यात आणि कशा सांभाळाव्यात?

पंचवटीकर

नमस्कार. आम्ही जुन्या नाशकातील काही मंडळी गेली तीन वर्षे आपल्या भागाच्या इतिहासाचे एक लहान संग्रहालय उभे करण्याच्या खटपटीत आहोत. गोदाकाठाजवळच्या एका वाड्याच्या मालकांनी तळमजल्यावरची ओसरी, माजघर आणि वरच्या मजल्यावरची एक खोली वापरायला दिली आहे आणि संस्थेची नोंदणीही झालेली आहे. आसपासचे वाडे एकामागून एक उतरवले जात असल्यामुळे वस्तूंची कमतरता कधीच भासली नाही. तांब्याचे बंब, घंगाळी, लामणदिवे, अडकित्ते, कोरीव तुळयांचे तुकडे, मोडी कागदांचे रुमाल (म्हणजे कापडात बांधलेली कागदांची बासने) असे जे येईल ते आम्ही घेत गेलो, कारण आम्ही नाही म्हटले तर ती वस्तू दुसऱ्या दिवशी मोडीच्या भावाने वजनावर जाईल, हे डोळ्यांना दिसत होते.

आता साडेतीनशेच्या आसपास वस्तू झाल्या आहेत आणि त्यांची नोंद म्हणजे एक शाळकरी वही आहे, जिच्यात ‘पितळी घंगाळ, एक’ अशा पद्धतीच्या ओळी आहेत. दोन वर्षांपूर्वी एका घरातल्या धाकट्या भावाने सात रुमाल असलेली संदूक आम्हाला आणून दिली होती. गेल्या महिन्यात त्यांच्या चुलत भावांनी येऊन सांगितले की संदूक सामाईक होती आणि ती देण्याचा अधिकार त्या एकट्याला नव्हता. आमच्याकडे दाखवायला एक चिठ्ठीसुद्धा नव्हती. त्यांचे म्हणणे खोटे आहे असे मला वाटत नाही. चूक आमची आहे.

त्यामुळे विचारतो की वस्तू घ्यावी की नाही हे कशावरून ठरवावे, घेताना कोणते कागद करावेत, आणि आधीच गोळा झालेल्या या साडेतीनशे वस्तूंचे आता काय करावे? आणखी एक अडचण अशी की तीर्थोपाध्यायांच्या एका घराण्याने आपल्याकडील जुन्या नामावळीच्या वह्या, म्हणजे यात्रेला आलेल्या यजमानांच्या वंशमाहितीच्या आणि सह्यांच्या वह्या, आम्हाला देऊ केल्या आहेत. त्या घ्याव्यात का?

नोंदवही

मी एका संग्रहालयाच्या नोंदणी विभागात बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी नव्या वस्तू घेणे तीन महिने थांबवा. हे ऐकायला कठोर वाटेल, पण ज्या वस्तूची हकिकत लिहून ठेवलेली नाही, ती वस्तू मोडीत जाण्यापासून वाचली तरी इतिहासाच्या दृष्टीने निम्मी गेलेलीच असते. ‘पितळी घंगाळ, एक’ या ओळीवरून ते घंगाळ कोणत्या घरातले, कोणत्या आळीतले, ते न्हाणीघरात रोज वापरले जात होते की लग्नकार्यातच बाहेर निघत होते, यांतले काहीही कळत नाही, आणि ज्या माणसाला हे ठाऊक आहे ते आज सत्तर-ऐंशीच्या घरात असणार. म्हणून पहिले काम वहीतल्या देणगीदारांना एकेक करून भेटण्याचे आहे. साडेतीनशे वस्तू असल्या तरी घरे फार तर साठ-सत्तर असतील. आठवड्याला पाच घरे केली तरी तीन-चार महिन्यांत हे काम आवरते. जाताना वस्तूचे छायाचित्र बरोबर न्या आणि परवानगी घेऊन बोलणे ध्वनिमुद्रित करा.

भांडी हाताळताना एक गोष्ट आवर्जून पाहा. आपल्याकडे भांड्यावर नाव घालण्याची पद्धत होती. काठाच्या खाली किंवा बुडाशी, टोच्याने ठिपके ठोकून, मालकाचे नाव, कधी गाव, कधी लग्नाची किंवा देणगीची मिती घातलेली असते. मी एका तपेलीवर तीन नावे पाहिली आहेत: सगळ्यांत जुने जवळजवळ झिजलेले, दुसरे त्याच्याच शेजारी, आणि तिसऱ्याखाली आहेर म्हणून दिल्याची मिती. एका भांड्याचा तीन पिढ्यांचा प्रवास त्या ठिपक्यांत होता. ते भांडे तिरप्या उजेडात धरले म्हणजे अक्षरे वाचता येतात. ती जशीच्या तशी, ऱ्हस्वदीर्घासकट, उतरवून घ्या.

आता घेण्याच्या पद्धतीकडे येतो. संस्थेच्या विश्वस्तांनी ठराव करून संग्रहाचे धोरण एका पानावर लिहून काढावे: कोणता भूभाग, कोणता काळ, कोणते विषय, आणि काय घेणार नाही. बारा बंब असताना तेरावा बंब कोणत्या कारणाने घ्यायचा, याचे उत्तर त्या पानावर मिळाले पाहिजे. नकार देताना त्या कुटुंबाला वस्तूचे छायाचित्र आणि हकिकत नोंदवून घेण्याची तयारी दाखवली, तर बहुतेक लोक समाधानाने परत जातात, हा माझा अनुभव आहे.

याच ठिकाणी मनापासून सांगावेसे वाटते की तुमचा संग्रह फक्त वाड्यांतून येतो आहे, आणि वाडे म्हणजे संपूर्ण नाशिक नव्हे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह तुमच्या पंचवटीतच सुरू झाला. त्यात उभ्या राहिलेल्या लोकांच्या घरांतून तुमच्याकडे काय आले आहे? तांबट आळीतल्या कारागिरांची हत्यारे, नोटांच्या छापखान्यात नोकरी केलेल्यांच्या आठवणी, द्राक्षबागायतदारांच्या पहिल्या पिढीचे हिशेब, २०१५ च्या सिंहस्थात घाटावर राबलेल्या सफाई कामगारांचे ओळखपत्र, हे कोणी आपणहून आणून देणार नाही. धोरण लिहिले म्हणजे या रिकाम्या जागा दिसतात आणि मग आपण होऊन तिथे जावे लागते. चालत आलेल्या वस्तूंवर उभे राहिलेले संग्रहालय ज्यांच्या घरात वस्तू जपायला जागा होती, त्यांचेच राहते.

वस्तू दारात आली की ती लगेच दाखल करून घेऊ नये. तपासणीसाठी ठेवून घेतल्याची तात्पुरती पावती द्यावी, तीवर मुदत लिहावी, विश्वस्तांच्या किंवा लहान समितीच्या बैठकीत निर्णय करावा आणि त्यानंतरच दानपत्र करावे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमानुसार जंगम वस्तूचे दान नोंदणीकृत दस्ताने किंवा प्रत्यक्ष ताबा देऊन पूर्ण होते आणि ते देणाऱ्याच्या हयातीत स्वीकारले जावे लागते. म्हणजे ताबा पुरेसा आहे, पण दोन वर्षांनी प्रश्न निघाला की तुमची जी अवस्था झाली तीच होते. दानपत्रावर वस्तूचे वर्णन, ‘ही वस्तू माझ्या एकट्याच्या मालकीची आहे किंवा सर्व सहहिस्सेदारांची संमती सोबत जोडली आहे’ हे विधान, दोन्ही बाजूंच्या सह्या आणि दोन साक्षीदार असावेत. वाडवडिलांकडून आलेल्या वस्तूच्या बाबतीत सर्व भावाबहिणींच्या सह्या घ्याव्यात; बहिणींच्या सह्या घ्यायचे राहून जाते आणि नंतर तेच दुखते.

‘आमची वस्तू कायम मांडणीत ठेवावी’ ही अट मात्र कधीही मान्य करू नये. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात सुमारे २०,००० वस्तू आहेत आणि त्यांपैकी अडीच हजारांच्या आसपासच मांडलेल्या असतात. एका माणसाने आयुष्यभर जमवून १९७५ मध्ये राज्य शासनाच्या स्वाधीन केलेल्या संग्रहाची ही स्थिती, तर तीन खोल्यांच्या संग्रहालयाने असे वचन देणे योग्य नाही. तसेच वस्तूची किंमत लिहून देण्याचा आग्रह झाला तर नम्रपणे नाही म्हणावे. किंमत ठरवणे संग्रहालयाचे काम नाही, आणि देणगीवरची प्राप्तिकराची सवलत वस्तुरूप देणगीला मिळतही नाही.

दाखल नोंदवही पक्क्या बांधणीची, छापील पृष्ठांकांची असावी. खाडाखोड करू नये. चूक झाली तर एक रेघ मारून बाजूला सही करावी. क्रमांक वर्ष, त्या वर्षातील प्राप्ती आणि तिच्यातील नग अशा तीन भागांचा ठेवल्यास, म्हणजे २०२४.७.३ असा, संदूक आणि तिच्यातले सात रुमाल एकत्र बांधलेले राहतात. एकदा दिलेला क्रमांक वस्तू गेली तरी दुसरीला देऊ नये. धातू, लाकूड आणि दगड यांवर आधी पॅरालॉइड बी-७२ या राळेचा पातळ थर देऊन, तो वाळल्यावर काळ्या शाईने क्रमांक लिहावा आणि वरून पुन्हा एक थर द्यावा. पुढे कधी काढायचा झाला तर ॲसिटोनने निघतो आणि मूळ पृष्ठभागाला शाई लागत नाही. कापडाला सुती फितीवर क्रमांक लिहून ती फीत दोन टाक्यांनी शिवावी, कागदावर मऊ शिसपेन्सिलीने मागच्या बाजूला कोपऱ्यात लिहावे. चिकटपट्टी कशालाही लावू नये.

संगणकावर तक्ता जरूर करा, पण नोंदवहीच्या जोडीने. वर्षातून एकदा नोंदवहीतून कोणत्याही वीस वस्तू निवडून त्या कपाटात सापडतात का ते पाहा, आणि कपाटातून वीस उचलून त्यांची नोंद सापडते का ते पाहा. दोन्ही दिशांनी तपासणे आवश्यक आहे, कारण चोरी पहिल्या तपासणीत कळते आणि आपला आळस दुसरीत.

दस्तऐवज

वरील उत्तरात कायद्याची एक बाजू आली आहे. उरलेली मी मांडतो, कारण हेतू चांगला असला तरी इथे ठेच लागू शकते.

पुरावस्तू व बहुमोल कलाकृती अधिनियम १९७२ चा आहे आणि तो ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. शंभर वर्षांहून जुनी शिल्पे, नाणी, चित्रे, कारागिरीच्या वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाची हस्तलिखिते त्यात येतात. त्यांपैकी अधिसूचित केलेल्या प्रकारांची, उदाहरणार्थ शिल्पांची, चित्रांची आणि सचित्र पोथ्यांची, नोंदणी नोंदणी अधिकाऱ्याकडे करावी लागते आणि मालकी बदलली की तसे कळवावे लागते. शासनाच्या किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या संग्रहालयांना यातून सूट आहे. खाजगी विश्वस्त संस्थेला ती आपोआप मिळत नाही. म्हणून देणगीदाराकडे नोंदणीचे प्रमाणपत्र आहे का, हे पहिल्या भेटीतच विचारावे. सरकारवाड्यात राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे कार्यालय आहे. तिथे एकदा यादी घेऊन जावे.

पाया खणताना नाणी निघाली आणि कंत्राटदाराने ती तुमच्या हातावर ठेवली, तर ती तुम्हाला घेता येत नाहीत. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचे जमिनीत पुरलेले जे सापडेल, त्याची लेखी खबर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना द्यायची असते. हा कायदा लोकांना जाचक वाटतो, पण आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण पाहा. गोदावरी आणि दारणा यांच्या संगमावरील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये क्षहरात वंशातील क्षत्रप राजा नहपान याची सुमारे १३,२५० चांदीची नाणी सापडली. ती एकत्र तपासली गेली म्हणूनच हे समजले की त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. त्रिरश्मी लेण्यांतील (पांडवलेण्यांतील) तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या पुत्राचे क्षहरात वंशाचा निःपात करणारा म्हणून जे वर्णन कोरवले आहे, त्याला या नाण्यांनी पुरावा दिला. तीच नाणी सराफबाजारात दहा-दहा करून विकली गेली असती, तर त्यांची चांदी उरली असती आणि हा पुरावा मात्र विरघळून गेला असता. नाण्यांविषयी पुढे काही विचारायचे झाल्यास १९८० पासून काम करणारी अंजनेरीची मुद्राशास्त्र संशोधन संस्था आपल्याला जवळ आहे.

वाड्यांतून हमखास येणाऱ्या तीन गोष्टींविषयी सावध राहावे. सांबराची शिंगे, बिबट्याची कातडी आणि हस्तिदंती डब्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली येतात. देणाऱ्याकडे मालकीचे प्रमाणपत्र नसेल तर वन विभागाचे लेखी उत्तर आल्याशिवाय हात लावू नये. तोड्याची बंदूक किंवा तलवार आली तर आधी पोलीस आयुक्तालयाशी पत्रव्यवहार करावा; निकामी झालेल्या पुराण्या बंदुकांना शस्त्र अधिनियमात वेगळी वागणूक आहे, पण ती निकामी आहे हे आपण ठरवायचे नसते. आणि देवळातील मूर्ती कोणी आणली, तर त्या देवस्थानाच्या विश्वस्तांचे पत्र हवे, मग आणणारा कितीही ओळखीचा असो.

नामावळीच्या वह्यांबद्दल माझे मत असे की त्या दान म्हणून घेऊ नयेत. त्या घराण्याच्या वृत्तीचा, म्हणजे वंशपरंपरागत व्यवसायाचा, भाग आहेत, त्यांत आज हयात असलेल्या कुटुंबांची वंशमाहिती आहे, आणि यजमान आजही नाशिकला येऊन आपल्या आजोबांची सही शोधतात. ठराविक मुदतीचा ठेव-करार करावा, प्रती काढून द्याव्यात, आणि अलीकडच्या पिढ्यांची पाने कोणाला दाखवायची हे त्या घराण्यानेच ठरवावे.

पंचवटीकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सहहिस्सेदारांच्या सह्यांचा मुद्दा वाचून मी आजच त्या चुलत भावांना दूरध्वनी केला. संदूक त्यांच्या स्वाधीन करण्याची तयारी आम्ही दाखवली आहे, आणि रुमालांची छायाचित्रे काढून घेण्यास त्यांनी होकार दिला आहे. सफाई कामगारांविषयीचे वाक्य आम्ही विश्वस्तांच्या बैठकीत वाचून दाखवणार आहोत. आता साठवणीबद्दल विचारतो: पावसाळ्यात माजघराची भिंत ओलावते, मोडी कागदांना कसर (कागद खाणारी कीड) लागलेली आहे, आणि एका स्वयंसेवकाने उत्साहाने काही तांब्या-पितळेची भांडी चिंच-मीठ लावून लख्ख केली आहेत.

कागद आणि कल्हई

चिंचेची सफाई आजच थांबवावी, ही विनंती. घरातले भांडे घासणे आणि संग्रहालयातले भांडे घासणे यांत फरक आहे. आम्लाने धातूचा वरचा थर निघतो आणि त्याबरोबर वर उल्लेखलेली ठिपक्यांची नावे दर घासणीला थोडी थोडी पुसट होतात. मऊ ब्रशने धूळ काढावी, कोरड्या सुती कापडाने पुसावे, इतके पुरे. आतली जुनी कल्हई तशीच राहू द्यावी. ते भांडे स्वयंपाकात होते की नव्हते हे तिच्यावरून कळते. एखाद्या काशाच्या किंवा तांब्याच्या वस्तूवर फिकट हिरवी, बोटाला लागणारी भुकटी दिसली, तर ती नेहमीचा हिरवट थर समजू नये. तो वाढत जाणारा क्षरणाचा रोग आहे. ती वस्तू वेगळ्या घट्ट झाकणाच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलबरोबर ठेवावी आणि जाणकाराला दाखवावी. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे संवर्धन केंद्र अशा बाबतीत मार्गदर्शन करते.

जागेबद्दल माझे म्हणणे स्पष्ट आहे. गोदाकाठचा तळमजला म्हणजे पुराची जागा. २००८ चा पूर आपण सर्वांनी पाहिला आहे, आणि दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी चढले यावरून पूर मोजणाऱ्या गावात कागद खाली ठेवण्याचे कारण नाही. कागद, कापड आणि छायाचित्रे वरच्या खोलीत न्यावीत. जाती, पाटे, दगडी उखळी आणि मोठे बंब खालीच राहू द्यावेत, कारण जुन्या लाकडी तक्तपोशीवर ते वजन टाकणे धोक्याचे आहे. कपाटे भिंतीला टेकवू नयेत. वीतभर अंतर सोडावे आणि खाली विटा देऊन ती उचलून घ्यावीत. लाकडी फडताळापेक्षा रंग भट्टीत पक्का केलेले लोखंडी कपाट बरे, कारण लाकडातून निघणाऱ्या आम्लवाफा बंद जागेत कागदाला आणि धातूला बाधतात.

आर्द्रतामापक स्वस्त मिळतो. तो घेऊन सकाळ-संध्याकाळ आकडा लिहून ठेवावा. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी धरते, आणि आपल्याकडे आषाढ-श्रावणात ती सहज त्याच्या वर असते. पावसाळ्यात उन्हाची तिरीप आली म्हणून खिडक्या उघडून खोली ‘वारा खायला’ लावण्याची आपली सवय इथे उपयोगाची नाही, कारण बाहेरची हवा आतल्यापेक्षा ओली असते. ओलावणाऱ्या भिंतीचे मूळ पागोळ्यांत किंवा पन्हळीत असते. कपाटाआधी कौलांवर खर्च करावा.

कसर लागलेले रुमाल आधी इतर कागदांपासून दूर करावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून, उणे २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवल्यास कीड आणि अंडी दोन्ही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी एक पूर्ण दिवस उघडू नये, नाहीतर थंड कागदावर दव धरते. छायाचित्रांच्या काचा आणि रंगचित्रे यांना मात्र हा उपाय करू नये. डांबरगोळ्यांचा वास माणसाच्या प्रकृतीला चांगला नाही, आणि कडुनिंबाच्या पाल्याने कागदावर डाग पडतात. नंतर रुमाल धुऊन खळ काढलेल्या, न रंगवलेल्या मांजरपाटात बांधावेत; लाल कापडाची परंपरा जुनी आहे, पण ते भिजले की रंग सोडते. लॅमिनेशन कोणी सुचवले तर ठाम नकार द्यावा, ते कागदापासून पुन्हा सुटत नाही.

माहेरवाशीण

मी या विषयातली जाणकार नाही. आमचा वाडा उतरवला तेव्हा आईचा पानाचा डबा, आजीची पाटा-वरवंट्याची जोडी आणि देवघरातली समई आम्ही एका संस्थेला दिली होती, म्हणून दुसऱ्या बाजूने दोन गोष्टी लिहिते.

वस्तू देताना आमची कोणी काही विचारपूस केली नाही. टेम्पो आला, सामान चढवले, माझ्या भावाची एक सही घेतली. पाट्याच्या एका बाजूला खोलगट भाग आहे, तो आजी डावखुरी असल्यामुळे तिथे पडला होता. हे सांगायला मी पुढे झाले, तोवर टेम्पो निघाला होता. पाच वर्षांनी तिथे गेले तेव्हा पाटा एका रांगेत होता आणि पुढच्या चिठ्ठीवर ‘पाटा, दगडी’ एवढेच लिहिले होते. त्यांच्यावर माझा राग नाही, पण त्या दिवशी फार वाईट वाटले.

बहिणींच्या सह्यांविषयी वर जे लिहिले आहे, त्याला मी एवढेच जोडीन की सही घेताना तिला विचारावेही. स्वयंपाकघरातल्या निम्म्या वस्तूंची माहिती घरातल्या पुरुषांना नसते. तुम्ही घरोघरी जाणार आहात, तर सासरी गेलेल्या मुलींचे पत्ते मागून घ्या आणि शक्य असेल तिथे त्यांच्याशी दूरध्वनीवर तरी बोला. आमची समई वातींच्या जागेपाशी किंचित वाकलेली होती, ती सरळ करू नका असे आई शेवटपर्यंत सांगत असे, आणि ती का वाकली हे आता फक्त मला आणि मावशीला माहीत आहे. मावशी ऐंशीची आहे आणि पंचवटीतच राहते. तुमच्या संग्रहालयाला तिच्याशी बोलायचे असेल, तर मी तुम्हाला तिच्याकडे घेऊन जाईन.